शीर्षक एका पानावर, मजकूर दुसऱ्यावर : पथ्यपत्रके व नोंदपत्रके छापताना घ्यावयाची काळजी

या त्रैमासिकाच्या पानांवर चिकित्सानुभव आणि औषधीनिर्माण यांखेरीज अन्य विषयांस सहसा जागा मिळत नाही, आणि ते योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र संगणकावर तयार केलेल्या मजकुराचे पान कोठे तुटावे, हा आहे. तो येथे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. म्हणून आमच्याच चिकित्सालयात घडलेली हकीकत प्रथम सांगतो. तीतील दोष सर्वस्वी आमचा होता.

आमवाताच्या एक वृद्ध रुग्णा आमच्याकडे उपचार घेत होत्या. सिंहनाद गुग्गुळ, सुंठीच्या काढ्यासह एरंडतेल आणि वालुकापोट्टली स्वेद एवढ्यावर दीड महिन्यात सांध्यांची सूज बरीच उतरली होती. त्याच सुमारास आम्ही हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या बंद करून छापील पत्रक द्यावयास प्रारंभ केला. पत्रक दोन पानांचे होते. पहिल्या पानावर औषधे, मात्रा, अनुपान आणि पथ्य; पुढे अपथ्य, विहार व पुन्हा भेटण्याची तारीख. प्रत्येक पानाच्या माथ्यावर चिकित्सालयाचे नाव आणि त्याखाली ‘आहार व औषधपत्रक’ अशी ओळ आपोआप येईल, अशी व्यवस्था आम्ही मोठ्या हौसेने केली होती.

पंधरा दिवसांनी त्या आल्या त्या मुलाच्या खांद्याचा आधार घेऊन. दोन्ही मनगटे सुजलेली, सकाळची जखडण पूर्ववत, जिव्हा साम. औषधे नियमित चालू होती. आहाराविषयी विचारता सूनबाई म्हणाल्या, “अहो डॉक्टर, सगळं तुमच्या कागदाप्रमाणेच चाललंय. पहिलं नाव दह्याचं होतं, म्हणून रोज घरी ताजं विरजण लावतेय.” आम्ही कागद मागितला. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवरून काढून आणलेले दुसरे पान पुढे केले. माथ्यावर ‘आहार व औषधपत्रक’, आणि त्याखाली लगेच यादी : दही, मासे, गूळ, दूध, उडदाचे पदार्थ. ‘अपथ्य’ हा शब्द त्या पानावर नव्हताच. तो पहिल्या पानाच्या अगदी तळाशी, एकटाच राहिला होता. आणि ते पहिले पान, औषधांची नावे त्यावर असल्याने, औषधाच्या दुकानातच राहून गेले होते.

सूनबाईंना दोष देण्यास जागा नव्हती. त्यांनी वाचले ते नेमके वाचले.

तंत्रयुक्तींत पहिली युक्ती अधिकरण ही आहे, हे वाचकांस सांगावयास नको. सुश्रुताने तंत्रयुक्ती ३२ मानल्या, चरकाने ३६. परंतु दोहोंचाही प्रारंभ अधिकरणापासूनच होतो. ज्या विषयास धरून पुढील बोलणे चालले आहे ते अधिकरण. ते सुटले की वाक्य तेच राहते आणि अर्थ उलटतो. छापील पत्रकातील शीर्षक हे त्या यादीचे अधिकरण होय. जुन्या पोथ्यांत हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण तेथे मजकूर सलग चाले, विषयाचा निर्देश वाक्यातच असे आणि अध्याय संपल्याचे पुष्पिकेत सांगितलेले असे. पोथीचे पान कोठेही संपले तरी बिघडत नसे. आपण मात्र एक शब्द ठळक छापून त्याखाली नुसती यादी देतो. हा शब्द यादीपासून एका पानाने दूर गेला, तर ती यादी कशाची आहे हे सांगणारे काहीच उरत नाही.

संगणक असे का करतो?

संगणकास मजकुराचा अर्थ कळत नाही; त्यास ओळींची उंची कळते. पान भरले की पुढची ओळ नव्या पानावर, एवढेच तो जाणतो. तळाशी एका ओळीची जागा शिल्लक असेल आणि पुढील ओळ ‘अपथ्य’ ही असेल, तर तो ती तेथे बसवतो. ‘ही ओळ पुढील ओळीस सोडून राहू शकत नाही’ असे आपण त्यास सांगितलेले नसते.

बहुतेक जण, आणि पूर्वी आम्हीही, यावर एकच उपाय करतो. शीर्षक तळाशी राहिलेले दिसले की त्याच्या आधी एंटरचे बटण चार-सहा वेळा दाबून ते पुढच्या पानावर ढकलतो. पडद्यावर सर्व ठीक दिसते. ही शुद्ध लाक्षणिक चिकित्सा झाली. हेतू तसाच राहतो आणि रूप तेवढे दडपले जाते. पुढच्या रुग्णासाठी त्याच पत्रकात एक औषध वाढवले की खालचा सर्व मजकूर एका ओळीने सरकतो. त्या रिकाम्या ओळी पानाच्या मधोमध मोठे भगदाड पाडतात आणि दुसरेच एखादे शीर्षक तळाशी जाऊन बसते. दोन औषधे कमी केली तर ढकललेले शीर्षक पुन्हा मागच्या पानावर येते. आमच्या पत्रकात झाले ते असेच. मूळ नमुना आम्ही नीट पाहून ठेवला होता. त्या रुग्णेसाठी एरंडतेलाची सूचना दोन ओळींनी वाढवली आणि छापून हाती दिली.

मजकूर न बदलताही पाने बदलतात, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आपण वापरतो तो ए-फोर कागद २१० × २९७ मिलिमीटर असतो. अनेक संगणकांत मात्र अमेरिकी ‘लेटर’ आकार ठरवलेला असतो. त्याची उंची २७९ मिलिमीटर. म्हणजे १८ मिलिमीटरचा फरक. देवनागरीच्या मोठ्या अक्षरात तेवढ्यात दोन ते तीन ओळी जातात. अक्षरवळणाचेही तसेच आहे. एकाच मापाचा मजकूर ‘मंगल’ वळणात जेवढी जागा घेतो, तेवढी ‘कोकिळा’ वळणात घेत नाही. आपल्या संगणकावरील वळण छपाईच्या दुकानातील संगणकावर नसेल, तर तो संगणक त्याच्याकडील दुसरे वळण लावतो आणि सर्व पाने नव्याने पडतात. म्हणून ‘आमच्याकडे तर बरोबर दिसत होते’ ही तक्रार खरी असते, पण तिचा उपयोग नसतो.

मूळ उपाय

खरा उपाय म्हणजे शीर्षकास त्याचा स्वभाव सांगून ठेवणे. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये शीर्षकाच्या ओळीवर कर्सर ठेवून ‘पॅराग्राफ’ची चौकट उघडावी. तीत ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’ हा दुसरा विभाग आहे. तेथील ‘कीप विथ नेक्स्ट’ या पर्यायापुढे खूण करावी. याचा अर्थ, हा परिच्छेद पुढील परिच्छेदासोबतच ठेवावा. एवढे केले की तळाशी एका ओळीची जागा असली तरी ‘अपथ्य’ हा शब्द तेथे थांबत नाही. यादीचा प्रारंभ ज्या पानावर होतो, त्या पानावर तो स्वतःच जातो. मजकूर वाढो, कमी होवो, कागद बदलो, हे नाते तुटत नाही.

यात एक मेख आहे आणि तीच बहुतेकांस फसवते. आपल्याकडे शीर्षक आणि मजकूर यांच्यामध्ये मोकळी जागा दिसावी म्हणून एक रिकामी ओळ सोडण्याची पद्धत आहे. संगणकाच्या दृष्टीने ती रिकामी ओळ हाही एक परिच्छेदच असतो. शीर्षकास आपण ‘पुढच्यासोबत राहा’ असे सांगितले की ते आज्ञाधारकपणे त्या रिकाम्या ओळीसोबत राहते. शीर्षक व रिकामी ओळ दोघे तळाशी आणि यादी पुढच्या पानावर, अशी गत होते. मग ‘हा पर्याय चालतच नाही’ असा समज होतो. आम्ही स्वतः एक संपूर्ण सायंकाळ या घोळात घालवली आहे. रिकामी ओळ काढून टाकावी आणि त्याच ‘पॅराग्राफ’ चौकटीच्या पहिल्या विभागात ‘स्पेसिंग’खाली ‘आफ्टर’ येथे ६ किंवा ८ पॉइंट इतके अंतर द्यावे. दिसण्यात फरक पडत नाही, नाते मात्र थेट जुळते.

अशा लपलेल्या रिकाम्या ओळी शोधण्यासाठी वर्डच्या पट्टीवर उलट्या ‘पी’सारखे दिसणारे एक चिन्ह आहे, ते दाबावे. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तेच चिन्ह उमटते आणि एंटर किती ठिकाणी व्यर्थ दाबला आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते. ज्या परिच्छेदास सोबत राहण्याची आज्ञा दिली आहे, त्याच्या डाव्या बाजूस या वेळी एक लहान काळा चौकोन दिसतो. तो छापला जात नाही. आपली आज्ञा लागू झाली आहे वा नाही, हे तपासण्याचे ते सोयीचे लक्षण आहे.

प्रत्येक पत्रकातील प्रत्येक शीर्षकास ही आज्ञा हाताने देत बसणे कंटाळवाणे आहे, आणि जे कंटाळवाणे असते ते गर्दीच्या वेळी राहून जाते. वर्डमध्ये ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशा तयार शैली असतात. त्यांत ही आज्ञा मुळातच अंतर्भूत आहे. आपण शीर्षक लिहून त्यास केवळ ठळक व मोठे करतो. ते डोळ्यांस शीर्षक दिसते, संगणकास नाही. तेच शब्द निवडून ‘हेडिंग २’ ही शैली दिली की ते संगणकाच्या लेखीही शीर्षक होते. या शैलीचा निळसर रंग वा तिचे वळण आवडत नसेल, तर शैलीच्या नावावर उजवी कळ दाबून ‘मॉडिफाय’मधून हवे तसे करून घ्यावे. देवनागरीसाठी वळण व माप बदलताना ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ या सदराखालील वळण व माप बदलावे लागते. अन्यथा आपण बदल करीत राहतो आणि मराठी अक्षरे जागची हलत नाहीत.

मुख्य शीर्षकाखाली लगेच उपशीर्षक असेल, जसे ‘आहार’ आणि त्याखाली ‘अपथ्य’, तर दोहोंस ही आज्ञा असावी. पहिले दुसऱ्यास धरते, दुसरे यादीस धरते, आणि तिन्ही एकत्र पुढे जातात. परंतु अतिरेक नसावा. एका सद्गृहस्थांनी उत्साहाच्या भरात सर्व मजकूर निवडून संपूर्ण पत्रकास ‘कीप विथ नेक्स्ट’ दिले. प्रत्येक परिच्छेद पुढच्यास बांधलेला, अशी एका पानापेक्षा मोठी साखळी झाली की ती कोठेतरी तुटणारच. संगणक मग नाइलाजाने वाटेल तेथे पान तोडतो. बंधन तेथेच द्यावे जेथे तुटल्याने अर्थाची हानी होते.

यादी आणि परिच्छेद

शीर्षक यादीच्या पहिल्या ओळीसोबत आले तरी यादी स्वतः दोन पानांत विभागली जाऊ शकते. पाच पदार्थांच्या यादीत दोन मागे व तीन पुढे राहिले, तर पुढील तिघांची अवस्था पूर्वीसारखीच होते. लहान यादीसाठी नियम सोपा आहे. शेवटचा पदार्थ सोडून बाकी सर्वांस ‘कीप विथ नेक्स्ट’ द्यावे. शेवटच्यास दिले तर तो त्याच्याखालील ‘विहार’ या शीर्षकासही ओढून नेतो.

सलग परिच्छेदासाठी त्याच चौकटीत ‘कीप लाइन्स टुगेदर’ हा पर्याय आहे. त्याने एका परिच्छेदाच्या ओळी दुभंगत नाहीत. वमन किंवा विरेचनानंतर काय झाल्यास त्वरित कळवावे, ही सूचना आम्ही आता एकाच परिच्छेदात लिहितो व तीस हा पर्याय देतो. लांबलचक विवेचनास तो देऊ नये. पानाच्या तळाशी अकारण मोठी मोकळी जागा राहते.

‘विडो/ऑर्फन कंट्रोल’ असा आणखी एक पर्याय तेथे दिसेल. छपाईच्या धंद्यातील ही इंग्रजी नावे आम्हांस रुचत नाहीत, पण ती रूढ आहेत. परिच्छेदाची पहिली ओळ एकटी तळाशी राहू नये आणि शेवटची ओळ एकटी पुढच्या पानाच्या माथ्यावर जाऊ नये, एवढेच हा पर्याय पाहतो. दोन्हीकडे किमान दोन ओळी ठेवतो. तो मुळातच चालू असतो. तो चालू आहे म्हणून शीर्षकांचीही काळजी घेतली जात असेल, असे मात्र समजू नये. शीर्षक हा स्वतंत्र, एका ओळीचा परिच्छेद असतो; त्यास हा नियम लागत नाही. आमची समजूत नेमकी अशीच होती.

संसर्जन क्रमाचा तक्ता

पंचकर्म करणाऱ्या वैद्यांनी या भागाकडे विशेष लक्ष द्यावे. शोधनानंतरचा संसर्जन क्रम बहुतेक चिकित्सालयांत तक्त्याच्या रूपाने दिला जातो. अन्नकाल डावीकडे एकाखाली एक, आणि प्रवर, मध्यम व अवर शुद्धी असे तीन स्तंभ. प्रवर शुद्धीत पेया, विलेपी, यूष व मांसरस प्रत्येकी तीन अन्नकाल, असे एकूण १२. मध्यम शुद्धीत प्रत्येकी दोन, असे ८. अवर शुद्धीत प्रत्येकी एक, असे ४.

आता हा तक्ता सहाव्या अन्नकालानंतर तुटला असे समजा. स्तंभांची नावे पहिल्या पानावर राहिली. दुसऱ्या पानाचा प्रारंभ सातव्या अन्नकालापासून, म्हणजे पहिल्या दिवशी सायंकाळी पेया दिली असल्यास चौथ्या दिवसाच्या सायंकाळपासून होतो. त्या ओळीत प्रवर स्तंभात यूष, मध्यम स्तंभात मांसरस आणि अवर स्तंभात ‘नेहमीचा आहार’ असे लिहिलेले असते. प्रवर शुद्धी झालेल्या रुग्णाच्या घरच्यांनी वरचे नाव न दिसल्यामुळे शेवटचा स्तंभ वाचला, तर अग्नी अद्याप मंद असतानाच त्याच्या ताटात पोळी-भाजी येते. आठ दिवस खर्चून केलेले कर्म आणि त्यानंतरचा सर्व संयम एका सायंकाळी वाया जातो, आणि उपद्रव झाल्यास बोल शास्त्रास लागतो.

यावर दोन गोष्टी कराव्या. तक्त्याची पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ हा पर्याय द्यावा. म्हणजे तक्ता जेवढ्या पानांवर जाईल, तेवढ्या पानांच्या माथ्यावर स्तंभांची नावे पुन्हा उमटतात. तक्ता मध्येच हाताने तोडला असेल तर मात्र ती उमटत नाहीत. नावांची पुनरावृत्ती फक्त आपोआप पडलेल्या पानांसाठी असते. दुसरे, तक्त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रो’ विभागात ‘अलाऊ रो टु ब्रेक अक्रॉस पेजेस’ या पर्यायापुढील खूण काढून टाकावी. त्याने एकाच अन्नकालाची ओळ अर्धी इकडे व अर्धी तिकडे होत नाही. तक्ता लहान असून तो संपूर्ण एकाच पानावर हवा असेल, तर शेवटची ओळ सोडून सर्व ओळींस ‘कीप विथ नेक्स्ट’ द्यावे.

याहून चांगला उपाय आमच्या एका ज्येष्ठ वैद्यमित्रांनी सुचवला, आणि त्यास संगणकाची गरज नाही. तीन स्तंभांचा तक्ता रुग्णास द्यावाच कशाला? शुद्धी कोणती झाली, हे आपणांस ठाऊक असते. त्या रुग्णाचा एकच स्तंभ छापून द्यावा. आम्ही तीन वेगळी पत्रके करून ठेवली आहेत, आणि तिन्ही एका पानात बसतात.

फार्मसीतील नोंदपत्रके

औषधनिर्मात्या बंधूंसाठी या विषयाचे महत्त्व अधिकच आहे. शेड्यूल टी अनुसार प्रत्येक बॅचचे निर्माण नोंदपत्रक ठेवणे परवानाधारकांस आवश्यक आहे, आणि ही पत्रके अनेक पानांची असतात. आमच्या परिचयाच्या एका लहान फार्मसीत त्रिभुवनकीर्ती रसाच्या बॅचच्या वेळी घडलेला प्रकार असा. वत्सनाभाच्या शोधनाच्या पानावर ‘शोधनपूर्व वजन’ हे शीर्षक तळाशी राहिले आणि वजनाचा रिकामा तक्ता पुढील पानावर गेला. तेथे त्याखाली लगेच ‘शोधनोत्तर वजन’ असे दुसरे शीर्षक व दुसरा तक्ता होता. तीन दिवस गोमूत्रात ठेवून, धुऊन, वाळवून झाल्यावर कामगाराने वजन पहिल्या दिसलेल्या तक्त्यात भरले. शोधनपूर्व वजन नोंदलेच गेले नाही. वत्सनाभ हे शेड्यूल ई(१) मधील विषद्रव्य. त्याची आवक, वापर आणि शिल्लक यांचा मेळ बसेना. बॅच अडवून ठेवावी लागली आणि उलगडा होईपर्यंत संशय त्या गरीब कामगारावर राहिला.

नोंदपत्रकात प्रत्येक टप्पा नव्या पानावर सुरू व्हावा, हे उत्तम. द्रव्यपरीक्षण, शोधन, चूर्णीकरण, तुळस-आले-धोत्रा यांच्या रसांच्या भावना, वटीकरण, संवेष्टन. यासाठी कंट्रोल आणि एंटर ही बटणे एकत्र दाबून पान तोडण्याची पद्धत आहे. ती नुसते एंटर दाबण्यापेक्षा निश्चितच बरी. पण मधला एखादा टप्पा गाळला किंवा दुसऱ्या औषधासाठी तोच नमुना वापरला, की ते तोडणे मागे राहते आणि मध्येच कोरे पान निघते. त्यापेक्षा टप्प्याच्या शीर्षकाच्या शैलीतच ‘पेज ब्रेक बिफोर’ हा पर्याय द्यावा. शीर्षक जेथे जाईल तेथे स्वतःचे नवे पान घेऊन जाईल. शीर्षक काढले की पानही जाईल. कोऱ्या पानाचा प्रश्न केवळ कागदाचा नाही. नोंदपत्रकातील कोरे पान तपासणीच्या वेळी नाना प्रश्न उपस्थित करते.

औषधासोबत द्यावयाच्या माहितीपत्रकातही हीच दृष्टी ठेवावी. ई(१) मधील द्रव्य असलेल्या औषधाच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याविषयीची सावधगिरीची सूचना इंग्रजी व हिंदीत असणे नियमाने बंधनकारक आहे. ती माहितीपत्रकातही देत असल्यास ‘सावधान’ एका घडीवर आणि सूचना दुसऱ्या घडीवर, असे होऊ देऊ नये.

अन्य साधने आणि छपाई

सर्वांकडे वर्ड असेलच असे नाही, आणि विनापरवाना प्रत वापरण्यापेक्षा विनामूल्य मिळणारे लिब्रेऑफिस केव्हाही चांगले. त्यात ‘पॅराग्राफ’च्या चौकटीत ‘टेक्स्ट फ्लो’ या विभागात हेच पर्याय थोड्या वेगळ्या शब्दांत आहेत. शीर्षकासाठी ‘कीप विथ नेक्स्ट पॅराग्राफ’ हा पाहावा. तक्त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्येही ‘टेक्स्ट फ्लो’ विभाग असून तेथे ‘रिपीट हेडिंग’ आहे. गूगल डॉक्समध्ये ओळींच्या अंतराच्या यादीतच ‘कीप विथ नेक्स्ट’ दिसते. मोबाइलवर पत्रक तयार करणाऱ्यांनी अंतिम तपासणी एकदा तरी संगणकावर करावी.

छपाईसाठी बाहेर देताना मूळ फाइल न देता पीडीएफ द्यावी. तीत पाने गोठलेली असतात. दुसरीकडे वळण नसले तरी ती हलत नाहीत. पीडीएफ करण्यापूर्वी कागदाचा आकार ए-फोर आहे हे पाहावे. जुन्या पद्धतीच्या, युनिकोड नसलेल्या वळणांत ज्यांचा संग्रह आहे, त्यांनी तो हळूहळू युनिकोडमध्ये आणावा. तोपर्यंत पीडीएफवाचून गत्यंतर नाही.

दोन पाने कागदाच्या दोन्ही बाजूंस छापावी, असेही आम्हांस सुचवण्यात आले. केले. पण झेरॉक्सवाले एकच बाजू काढून देतात, हे अनुभवास आले. त्यामुळे आता प्रत्येक पानाच्या तळाशी ‘पान १ पैकी २’ असे न छापता ‘एकूण २ पाने, हे पान १’ असे स्पष्ट शब्दांत छापतो, आणि ‘अपथ्य’ या शीर्षकाऐवजी ‘हे पदार्थ खाऊ नयेत’ असे लिहितो. यादीतील प्रत्येक पदार्थापुढेही ‘वर्ज्य’ हा शब्द आहे. पत्रक दिसावयास थोडे ओबडधोबड झाले, याची आम्हांस कल्पना आहे.

त्या रुग्णेस पुन्हा लंघन, दीपन-पाचन यांपासून प्रारंभ करावा लागला. पूर्वस्थितीस येण्यास सुमारे पाच आठवडे गेले. सूनबाईंनी नवे पत्रक नेताना दोन्ही पाने आमच्यासमोर टाचणीने एकत्र जोडून घेतली.

नवीन पत्रक रुग्णाच्या हाती देण्यापूर्वी आम्ही आता त्याचे केवळ दुसरे पान आमच्याकडील पुड्या बांधणाऱ्या मावशींकडे देतो आणि विचारतो, यातले काय खायचे आणि काय नाही? त्या चष्मा लावून सावकाश वाचतात. गेल्या महिन्यात अम्लपित्ताचे पत्रक त्यांनी दोनदा परत पाठवले.